काकांचा टिप्पर कुठल्या रकान्यात लिहायचा

जून २०२४ मधली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, आमच्या सोप्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक मुलगी मांडीवर टॅब घेऊन बसलेली आणि आई तिला परत परत सांगतेय, "विकतें घेवंक ना गो, शेजाऱ्यान दिल्लें." विषय होता मासे. गेल्या ७ दिवसांत घरात मासे किती आले, वजन किती, किंमत किती. आता जूनमध्ये गोव्यात समुद्रातली मासेमारी बंद, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, म्हापशाच्या बाजारात बांगड्याकडे नुसतं बघून पुढे जायचं असे दर, पण पहिल्या पावसात ओहळातून वर चढणारे मासे शेजारच्या पोराने पकडले आणि त्यातले वाटीभर आईला आणून दिले. चडणीचे मासे. ह्यांना कुठला आलाय बाजारभाव, ज्याला मिळतात तो खातो आणि चार शेजाऱ्यांना देतो. मुलगी बिचारी अडकली, टॅब काही पुढे जाईना, "दर कितें घालूं काकी?" आईने छपराकडे बघून जरा विचार केला आणि म्हणाली, घाल पन्नास. झालं, देशाच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत आमचे चडणीचे मासे ५० रुपयांचे म्हणून जाऊन बसले.

(घरात कोकणी, वहीत मराठी, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालू आहे, त्यामुळे मध्येच कोकणी आली तर सांभाळून घ्या.)

मी डिचोली तालुक्यातली, नोकरी म्हापशाला एका सीएच्या ऑफिसात, आणि एमए इकॉनॉमिक्सला असताना दारिद्र्यरेषा, गिनी गुणांक, कुझनेट्सचा उलटा यू वगैरे सगळं घोकून बरे मार्क पाडलेले. पण हे आकडे जिथून येतात ती प्रश्नावली आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी बघितली, आणि तीही आईच्या खांद्यावरून. शेकड्यांनी वस्तू असतात हो त्यात. तांदूळ, डाळ, साखर, मीठ गेल्या ३० दिवसांचं सांगायचं, मासे, भाजी, फळं, तेल, मसाले ७ दिवसांचं, आणि कपडे, भांडी, शाळेची फी वर्षभराची. मुलगी तीन महिन्यांत तीनदा येणार होती, ही तिची दुसरी खेप, म्हंजे आई एव्हाना सरावलेली होती तरी नारळापाशी पुन्हा गाडी अडली. नारळ आमच्याच माडांचे. घरचा माल असला की तो दुकानाच्या दराने धरत नाहीत, शेतावरच्या दराने धरतात. पण आमचा पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मजुरीतले थोडे पैसे आणि थोडे नारळ नेतो, मग ते नारळ आम्ही खाल्ले का त्याने? आणि भांड्यांना येणारी बाई दुपारी आमच्याकडेच जेवते, ते?

ते मात्र मला माहीत होतं. जेवण ज्या घरात शिजतं त्या घराच्या नावावर लागतं, हा ह्या पाहण्यांचा फार जुना रिवाज आहे. म्हणजे जिच्या हाताखाली दोन माणसं जेवतात ती मालकीण कागदावर खादाड दिसते आणि जी चार घरी जेवते तिच्या ताटात कागदावर काहीच नसतं. अर्थतज्ज्ञांना हे ठाऊक आहे, त्यावर त्यांनी पेपर लिहिलेत, दुरुस्त्या सुचवल्यात, नाही असं नाही. पण पेपरमध्ये वाचणं वेगळं आणि आपली भांड्यांची बाई मागच्या दारात बसून शीत-कडी खातेय नि पुढच्या दारात तिचं जेवण आपल्या नावावर टॅबमध्ये चाललंय हे बघणं वेगळं. मला जरा ओशाळल्यासारखंच झालं.

आता थोडं मागे जाते, कारण ह्या सगळ्याचं मूळ आपल्या पुण्यात आहे. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ ह्या दोघांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास छापला. त्यांनी प्रश्न साधा केला, माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळायला महिन्याचा खर्च किती लागतो? १९६०-६१ च्या भावाने उत्तर आलं खेड्यात १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे, आणि त्या रेषेखाली खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं सापडली. नंतर निकष बदलले, समित्या आल्या, पण घराघरात जाऊन खर्च विचारायचा नि त्यावरून एक रेषा मारायची हा धंदा अजून तोच. (गंमत म्हणजे त्या १९६०-६१ च्या आकड्यांत आमचा गोवा नाहीच. आम्ही तेव्हा पोर्तुगिजांकडे, १९ डिसेंबर १९६१ उजाडायचा होता. त्यामुळे तेव्हा गोव्यात गरीब किती हे त्या हिशोबात शून्य, आणि श्रीमंतही शून्य.)

२०११-१२ मध्ये मात्र गोवा त्या यादीत एकदम झळकला. सुरेश तेंडुलकरांच्या समितीच्या पद्धतीने गोव्याच्या खेड्यांसाठी रेषा आली माणशी महिना १,०९० रुपये, शहरांसाठी १,१३४, आणि त्याखाली माणसं फक्त ५.०९ टक्के, देशात सगळ्या राज्यांत कमी. देशाचा आकडा होता २१.९२. आमच्याकडे पेपरांत कौतुक आलं, आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. १,०९० ला ३० ने भागलं तर दिवसाला ३६ रुपये येतात, तेवढ्यात तेव्हासुद्धा पणजीच्या हॉटेलात फिश थाळी मिळत नव्हती, पण रेषेवर चिडून उपयोग नाही, ती उपाशी राहण्याची कड दाखवते, सुखाची नव्हे. मला तिच्या रकमेबद्दल एवढं नाही वाटत जेवढं तिच्या तारखेबद्दल वाटतं. ती पाहणी झाली जुलै २०११ ते जून २०१२.

आमच्या भागातल्या कुणालाही विचारा जून २०१२ नंतर काय झालं.

काकांकडे दोन टिप्पर होते. पहिला २००६ मध्ये घेतला, दुसरा २०१० मध्ये कर्जावर, महिन्याला २८ हजार हप्ता. त्या काळात आमच्या रस्त्यांवरून ट्रकांची रांग संपायची नाही, खाणीतून खनिज भरायचं, नदीवरच्या जेटीला ओतायचं, तिथून बार्जने मांडवीतून बंदरात, तिथून चीनला. चीनला हलक्या प्रतीचं खनिजही चालायचं, त्यामुळे वर्षानुवर्षं टाकून दिलेले ढीगसुद्धा उपसून विकले गेले. कपडे वाळत घातले तर संध्याकाळी गुलाबी व्हायचे. शेतात लाल गाळ भरला, बऱ्याच जणांनी वायंगण, म्हंजे पावसाळ्यानंतरचं भात, करणंच सोडलं, पण फेरीमागे पैसा रोख, दिवसाला चार-पाच फेऱ्या, त्यामुळे शेताचं दुःख कुणी फार केलं नाही. केलं त्यांना आम्ही हसलो. ज्याच्याकडे टिप्पर नव्हता त्याचं गॅरेज होतं, ज्याचं गॅरेज नव्हतं त्याचं टायरचं दुकान होतं, नाहीतर चहा-भजीचा गाडा, नाहीतर ड्रायव्हर-क्लीनरांना भाड्याने दिलेल्या खोल्या.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, तीन दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही थांबवल्या. बेकायदा चाललं होतं हे खरंच होतं, त्यावर माझं दुमत नाही, काकांशी माझं त्यावरून भांडण झालेलं आहे. २०१४ मध्ये कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, थोडंफार सुरू झालं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द, मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. पहिला टिप्पर काकांनी पहिल्या बंदीतच मिळेल त्या किमतीला विकला. दुसरा फणसाखाली उभा राहिला. आधी त्याला आठवड्यातून एकदा स्टार्ट करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. मग बॅटरी काढून घरात आणली. मग टायर गेले. मग कोंबड्या त्याच्याखाली अंडी घालायला लागल्या. काकीच्या पाटल्या गेल्या, भाटातला (माडांच्या बागेतला) एक तुकडा गेला, चुलत भाऊ इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तारवटी झाला, बोटीवर गेला. बँकेची नोटीस यायची ती काका न फोडता फाईलला लावायचे.

आणि आता बघा. खर्चाची एक पाहणी संपली जून २०१२ ला, खाणी थांबायच्या अडीच महिने आधी. पुढची झाली २०१७-१८ मध्ये, ती नेमकी आमच्या दुसऱ्या ठोक्याच्या वेळेची, पण तिचे निकाल सरकारने दर्जाचं कारण देऊन बाहेरच काढले नाहीत, २०१९ मध्ये तसं जाहीर करून टाकलं. त्यानंतरची एकदम ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३. त्यात गोव्याच्या खेड्यात माणशी महिन्याचा खर्च ७,३६७ रुपये आला, देशाच्या खेड्यांची सरासरी ३,७७३. म्हणजे शिखरावर असताना आमचा एक फोटो काढला आणि पुढचा दहा वर्षांनी, मधे जे कोण दरीत पडलं, कोण चढून आलं, कोण तिथेच राहिलं, त्याचा खर्चाचा प्रसिद्ध आकडाच नाही. कुणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाहीये, आमच्यासाठी कुणी देशाची पाहणी मागेपुढे करणार आहे का. पण "गोव्यात गरिबीच नाही" असं कुणी टीव्हीवर बोललं की मला फणसाखालचा टिप्पर आठवतो, त्याला मी काय करू.

ह्यात एक अभ्यास मला फार उशिरा हाती लागला, एमए ला शिकवलाच नव्हता, किंवा शिकवला असेल तेव्हा मी कँटीनला असेन. रॉबर्ट टाउनसेंड नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ, १९९४ चा त्यांचा पेपर. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९७५ पासून काही गावांत आपली माणसं राहायला ठेवून घराघराची नोंद ठेवली होती, प्रत्येक गावात ४० घरं, त्यातलं शिरापूर आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं, कांझरा अकोल्यातलं, आणि तिसरं अवरेपल्ली तेव्हाच्या आंध्रातलं. पावसावरची शेती, उत्पन्न एक वर्ष वर एक वर्ष खाली. टाउनसेंडनी बघितलं की एखाद्या घराचं उत्पन्न कोसळलं तर त्या घराचं जेवणही तेवढंच कोसळतं का? तर नाही. घराचा खर्च स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाच्या मागे जास्त चालतो. कारण उसनंपासनं, भाऊबंद, सावकार, घरातलं धान्य, बैल विकणं, सगळं मिळून गाव एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतं. अगदी पूर्ण नाही, तीनपैकी एका गावात भूमिहीन मजुरांना ते छत्र तितकंसं लागू पडत नव्हतं हेही त्यात आलंय, पण एरवी बऱ्यापैकी.

वाचताना मला आधी आमचे चडणीचे मासेच आठवले, म्हटलं हेच की ते, वाटीभर इकडून वाटीभर तिकडे. आणि मग पुढचं वाक्य स्वतःच डोक्यात आलं की ही विमा योजना एकाच्या घरी संकट आलं तर चालते, सगळ्यांच्या घरी एकदम आलं तर काय. काकांना उसने देणार कोण, गॅरेजवाला? त्याचं शटर खाली. टायरवाला त्यांच्याच पैशांची वाट बघत बसलेला. खोल्या रिकाम्या, ड्रायव्हर लोक झारखंड-कर्नाटकात आपापल्या गावी गेलेले. टिप्पर विकावा तर आख्ख्या तालुक्यात सगळेच विकायला काढून बसलेले, घेणारा कोण. इकॉनॉमिक्समध्ये ह्याला सामाईक धक्का म्हणतात, आमच्याकडे नुसतं "बंद" म्हणायचे. बंदच्या आधी, बंदच्या नंतर. अजूनही लग्नाची सालं तशीच सांगतात.

खर्च सोडा, दुसरी मोजपट्टी बघू म्हटलं तर नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक आहे. ह्यात पैसे विचारतच नाहीत. १२ गोष्टी बघतात, पोषण, बालमृत्यू, गरोदरपणातली काळजी, शाळेची वर्षं, मुलं शाळेत जातात का, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँकेचं खातं. प्रत्येकाला वजन दिलेलं, एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यात किंवा जास्त कमी पडलात तर तुम्ही गरीब. गोवा २०१५-१६ मध्ये ३.७६ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ०.८४, आमच्या खाली फक्त केरळ. मला ही पद्धत तशी आवडते, धुराची चूल आणि लांबचं पाणी हे बायकांचं दारिद्र्य पैशाच्या रेषेत कधी दिसलंच नसतं. उत्तर प्रदेश-बिहारच्या आकड्यांत जो फरक पडलाय तो मोठा आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण मी एका रविवारी गंमत म्हणून काकांचं घर त्यात टाकून बघितलं. संडास आहे. नळ आहे. गॅस आहे. स्लॅबचं घर, बूमच्या काळातलं, टाइल्ससकट. बँकेत खातं आहे, तिथूनच तर नोटिसा येतात. मुलगा शिकलेला. मालमत्तेच्या रकान्याची व्याख्या वाचली तर त्यात रेडिओ, टीव्ही, फोन, सायकल, मोटरसायकल, फ्रीज वगैरेपैकी एकापेक्षा जास्त वस्तू नसतील आणि कार किंवा ट्रक नसेल तरच घर वंचित. कार किंवा ट्रक! मी एकटीच हसायला लागले, आई आतून म्हणाली काय झालं गं. ज्या ट्रकने माणसाला बुडवलं तो ट्रक दारात उभा आहे म्हणून त्या रकान्यात तो माणूस सुरक्षित. चालतो का, टायर आहेत का, कर्ज फिटलं का, हे विचारायला त्या रकान्यात जागा नाही. कर्ज नावाचा रकानाच नाही. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आणि काय, ट्रकवाले आम्ही," आणि विडी शोधायला लागले.

काकांना गरीब म्हणा असा माझा हट्ट नाहीये हां. त्यांनाच ते चालणार नाही, चवथीला गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची माटोळी अजून सगळ्यात भरगच्च त्यांच्याच घरी असते. आमच्याकडे खरंच ज्यांचं वाईट आहे ती माणसं वेगळी, बांधकामावर ताडपत्रीत राहणारी, आज ह्या साईटवर उद्या त्या. आणि वरच्या टोकाची माणसंही टॅबवाल्या मुलीला सापडत नाहीत, आसगाव-शिवोलीकडे उंच कुंपणांची घरं आहेत, मालक दिल्लीला, गेटवर वॉचमन, तो काय सांगणार कॅलरी. म्हणूनच पिकेटी आणि चान्सेल वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळी विषमता मोजायला अशा पाहण्यांवर भागवत नाहीत, आयकराच्या नोंदी उलगडतात, आपल्याकडे त्या १९२२ पासूनच्या आहेत, आणि त्यांच्या गटाच्या हिशोबाने २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा आहे. त्यावर वाद आहेतच, पण निदान ते दार ठोठावून उघडायची वाट बघत बसत नाहीत. काका ह्या दोघांच्या मधले. खाली पडले पण रेषेपर्यंत पोचले नाहीत, आणि मधल्या माणसाचं घसरणं मोजायची पद्धत म्हंजे तेच घर पुन्हा पुन्हा गाठायचं, इक्रिसॅटने केलं तसं, वर्षानुवर्षं. ते महाग पडतं, कंटाळवाणं असतं, आणि त्यातून पहिल्या पानावर छापण्यासारखा एक आकडा निघत नाही.

प्रश्न विचारायच्या पद्धतीवरून देशात किती गोंधळ होऊ शकतो ते ह्याच खर्चाच्या पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत झालेलंच आहे. तेव्हा एकाच कागदावर शेजारी शेजारी दोन रकाने ठेवले, ७ दिवसांत काय खाल्लं आणि ३० दिवसांत काय खाल्लं. माणूस काय करणार, एक सांगितलं की दुसरं त्याच्याशी जुळवून सांगणार. आकडे फुगले, दारिद्र्य ३६ वरून २६ टक्क्यांवर आलं असं दिसलं, आणि पुढे कित्येक वर्षं मोठे मोठे लोक त्यावर भांडत राहिले. अँगस डीटन, ज्यांना २०१५ ला नोबेल मिळालं, त्यांनी हिशोब मांडून दाखवलं की घट झालीय पण कागदावर दिसते तेवढी नाही. दोन रकाने शेजारी ठेवले म्हणून! आमची मुलगी तर ५० रुपये लिहून मोकळी झाली होती.

तिसऱ्या खेपेला ती जुलैमध्ये आली, भांडी, कपडे, टीव्ही कधी घेतला असलं सगळं विचारायला. रेनकोट सोप्यावर निथळत ठेवला, आईने चहा आणि गरम पोळे दिले (तेही आमच्याच नावावर लागले असणार). काका कालपासून विचारत होते ती कधी येणार म्हणून. मी सांगितलेलं की गावातली घरं जमिनीप्रमाणे गट पाडून चिठ्ठी काढल्यासारखी निवडतात, तुमचं आलेलं नाही, तर म्हणाले अगो एवढी आलीच आहे तर लिहून घेईल की, आमचं पण असतं ना काहीतरी सांगण्यासारखं. टिप्पर एव्हाना भंगारात गेला होता, गॅस कटर घेऊन माणसं आली आणि दोन दिवसांत तुकडे करून किलोवर घेऊन गेली. फाईल मात्र राहिली होती, आरसी बुक, हप्त्यांच्या पावत्या, न फोडलेल्या नोटिसा.

मुलीचं काम संपलं, तिने टॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, आईला म्हणाली येतां काकी. मी तिला विचारलं, समोरचं घर? तिने यादी पुन्हा उघडून बघितली, खरंच बघितली, आणि मान हलवली. समोर काका इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसले होते, फाईल मांडीवर. तिने स्कूटर वळवताना त्यांना हात केला, त्यांनीही केला, आणि पाऊस वाढला तसे ते फाईल शर्टात धरून आत गेले.